ग्रामवास्तू आणि ग्रामहक्क : चांद्याच्या वनप्रदेशातील एक विचार

चंद्रपूर आणि गडचिरोली हे दोन जिल्हे १९८२ पर्यंत एकच होते, आणि त्या एका जिल्ह्याचे नाव १९६४ पर्यंत चांदा असे होते. वैनगंगा, वर्धा, प्राणहिता आणि इंद्रावती या नद्यांनी वेढलेल्या या वनप्रदेशाचा इतिहास बहुधा राजघराण्यांच्या क्रमाने सांगितला जातो. वाकाटक आणि राष्ट्रकूट यांचे लेख, मार्कंडा आणि भांदक येथील देवालये, गोंड राजांचे किल्ले व समाध्या, आणि १७५१ साली भोसल्यांनी चांदा घेतल्यानंतरची मराठी राजवट, असा तो क्रम असतो. या क्रमात गाव येते ते शिलालेख सापडल्याचे ठिकाण म्हणून, किंवा भग्न मंदिराचा पत्ता म्हणून. गावाने स्वतः काय बांधले, ते कोणत्या व्यवस्थेने राखले, आणि त्यांपैकी काय कोणत्या कारणाने मोडले, या प्रश्नांचा विचार त्या मानाने फारच थोडा झालेला आहे. या प्रदेशातील जुन्या बांधकामांच्या आयुष्याकडे पाहिले असता असे दिसून येते की, ज्या वास्तूशी कोणाचा तरी निश्चित हक्क व त्याबरोबर येणारे निश्चित कर्तव्य जोडलेले होते, ती टिकली; आणि ते नाते तुटताच भक्कम बांधकामासही उतरती कळा लागली. हे विधान चार उदाहरणांवरून तपासून पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

तुलनेसाठी प्रथम इंग्लंडमधील खेड्याचे उदाहरण घेणे सोयीचे होईल. तेथील गावच्या चर्चचा पुढचा भाग, म्हणजे जेथे लोक बसतात तो, दुरुस्त ठेवण्याची जबाबदारी परंपरेने गावकऱ्यांची, आणि वेदीकडील भागाची जबाबदारी धर्माधिकाऱ्याची, अशी वाटणी कित्येक शतके चालत आली. एकाच छपराखालच्या इमारतीचा कोणता भाग कोणी शाकारावा हे ठरलेले असल्यामुळे साध्या खेड्यातील चर्चेही सात-आठशे वर्षे उभी राहू शकली. पुढे १९४७ च्या नगररचना कायद्यापासून त्या देशात जुन्या इमारतींच्या याद्या व्यवस्थितपणे होऊ लागल्या, आणि त्या याद्यांत गावचा पाण्याचा पंप, मैलाचा दगड, इतकेच काय पण रस्त्यावरची लाल टेलिफोनची कोठीही जाऊन बसली. राजवाड्याचा आणि पंपाचा दर्जा सारखा नसला तरी दोघांची नोंद व्हावी, हे तत्त्व तेथे मान्य झाले. आपल्याकडील याद्यांत मात्र मूर्तिकाम, लेख किंवा तटबंदी यांवाचून प्रवेश सहसा मिळत नाही. यामुळे पूर्व विदर्भातील गावाने आपले जे सर्वांत मोठे बांधकाम मानले, ते यादीबाहेरच राहिले.

पहिले उदाहरण नागभीड तालुक्यातील देवटेक येथील शिलापट्टाचे आहे. कनिंगहॅम यांच्या काळापासून अभ्यासकांना ठाऊक असलेल्या आणि आता नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात असलेल्या या दगडावर दोन लेख आहेत. जुना लेख अशोककालीन ब्राह्मी लिपीत व प्राकृत भाषेत असून त्यात प्राण्यांना पकडण्यास व मारण्यास मनाई केलेली आहे. दुसरा लेख त्यानंतर सुमारे सहाशे वर्षांनी, वाकाटक नृपती पहिला रुद्रसेन याच्या काळी, त्याच दगडावर कोरला गेला, आणि त्यापायी पूर्वीच्या लेखाचा काही भाग नष्ट झाला. या दुसऱ्या लेखात राजाच्या धर्मस्थानाचा उल्लेख आहे. दोन्ही लेखांत मिळून एकच स्थळनाम येते : चिकंबरी किंवा चिकंबुरी. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी हे स्थळ म्हणजे देवटेकशेजारचे आजचे चिकमारा होय असे दाखवून दिले.

या उदाहरणाचा अर्थ लक्षात घेण्याजोगा आहे. मौर्य शासनाची आज्ञा अर्धी पुसली गेली, वाकाटक राजाचे धर्मस्थान उरले नाही, आणि ज्या दगडाने त्यांची स्मृती राखली तोही गाव सोडून संग्रहालयात गेला. जागेवर राहिले ते गावाचे नाव. नाव जतन करण्यासाठी कोणी अधिकारी नेमलेला नव्हता. शेताच्या शिवेपासून ते सोयरिकीपर्यंत प्रत्येक व्यवहारात त्याची गरज पडत होती, म्हणून ते दोन हजारांहून अधिक वर्षे थोड्या अपभ्रंशाने टिकले. या प्रदेशातील मौजांच्या यादीत नावांपुढे लागणारी 'तुकूम', 'चक', 'रीठ' अशी पदेही याच जातीची आहेत. रीठ म्हणजे वस्ती उठून गेलेले गाव. चक म्हणजे तोडून दिलेला जमिनीचा तुकडा. आणि तुकूम म्हणजे काय, याचा विचार पुढे तलावाच्या संदर्भात येईल.

दुसरे उदाहरण मार्कंडा येथील देवालयसमूहाचे. चामोर्शी तालुक्यात वैनगंगेच्या डाव्या तीरावर, जेथे दक्षिणेकडे जाणारी नदी वळण घेऊन काही अंतर उत्तरवाहिनी होते, तेथे हा समूह आहे. कनिंगहॅम यांनी १८७३-७४ च्या दौऱ्यात त्याची पाहणी केली आणि १८७९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या अहवालाच्या नवव्या खंडात त्याचे वर्णन केले. येथील शिल्पांची त्यांनी खजुराहोच्या शिल्पांशी तुलना केली, व तेव्हापासून मार्कंड्यास विदर्भाचे खजुराहो म्हणण्याचा प्रघात पडला. वीज पडून मुख्य देवालयाची मोठी हानी झाली, आणि पुढे गोंड राजाच्या काळी मंडपाला जाड आधार देऊन ते सावरले गेले, अशी परंपरा आहे.

कलेच्या इतिहासकारास ही दुरुस्ती ओबडधोबड वाटते, आणि तशी ती आहेही. परंतु ग्रामवास्तूच्या दृष्टीने तिचे मोल वेगळे आहे. मूळ मंदिर बांधणारे घराणे केव्हाच अस्तास गेले होते. मूळ पद्धतीने शिखर घडविणारे कारागीर उपलब्ध नव्हते. तरीही छप्पर सावरण्याची गरज कोणास तरी वाटली, याचे कारण मंदिर चालू होते. महाशिवरात्रीस यात्रा भरत होती, पूजा होत होती, यात्रेकरूंना मंडपात उभे राहावयाचे होते. सौंदर्याची जाण संपल्यानंतरही उपयोगाची जाण शिल्लक होती, आणि तिनेच दगड वर धरला. आज हे स्मारक केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे. म्हणजे यात्रेचा हक्क लोकांकडे आणि दुरुस्तीचे कर्तव्य शासनाकडे, अशी नवी वाटणी झालेली आहे. ही वाटणी चालू शकते. परंतु हक्क आणि कर्तव्य हे दोन निराळ्या हातांत गेल्यावर त्यांच्यात संवाद राहणे अगत्याचे ठरते.

याच्या उलट उदाहरण आरमोरी तालुक्यातील वैरागडचे आहे. अबुल फज्लच्या 'ऐन-ए-अकबरी'त वऱ्हाड सुभ्याच्या वर्णनात या स्थळाची नोंद आहे. तेथे हिऱ्यांची खाण आहे आणि नक्षीचे कापड विणले जाते, असे दोन्ही उल्लेख तीत येतात, व हे ठाणे चांद्याच्या गोंड राजाने नुकतेच दुसऱ्याकडून जिंकून घेतल्याचेही त्यात नमूद आहे. इतिहासलेखकांनी हिऱ्यांचा उल्लेख वारंवार केला; कापडाकडे क्वचितच कोणाचे लक्ष गेले. हिऱ्यांच्या खाणीची आता आठवण तेवढी उरली. किल्ल्याचे तट व खंदक आजही पाहावयास मिळतात, परंतु झाडांच्या मुळांनी तटाचे चिरे ठिकठिकाणी विलग केलेले आहेत. किल्ल्यावर हक्क होता तो राजसत्तेचा. ती सत्ता गेली तेव्हा त्या तटाशी गावाचे असे कोणतेच नाते नव्हते की ज्यामुळे पावसाळ्यापूर्वी कोणी त्यावरील रोपटे उपटून टाकावे. मार्कंड्याचे मंदिर आणि वैरागडचा किल्ला यांच्या दशेतील अंतर केवळ दगडाच्या गुणावरून उलगडत नाही.

तिसरे, आणि या विवेचनात सर्वांत महत्त्वाचे उदाहरण तलावाचे. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा आणि गोंदिया या चार जिल्ह्यांत मिळून जुन्या तलावांची संख्या सहा हजारांहून अधिक आहे. टेकड्यांमधून उतरणाऱ्या ओढ्यास मातीची पाळ घालून पाणी अडवावयाचे, आणि उताराच्या बाजूस धानाच्या बांध्यांना ते द्यावयाचे, ही त्यांची रचना होय. पाणी सोडण्याच्या दारास या भागात तुडूम म्हणतात, व जास्तीचे पाणी वाहून जाण्याच्या सांडव्यास सलंग. तुडुमास निरनिराळ्या उंचीवर भोके ठेवून ती बुजविलेली असत. तलावाची पातळी उतरेल तसे वरून खाली एकेक भोक उघडावयाचे. सलंगेचे पाणी खालच्या तलावात जाई, त्याचे त्याखालच्या बोडीत, अशी एकाखाली एक साखळी असे. यंत्रावाचून, केवळ उताराच्या अचूक अंदाजावर चालणारी ही व्यवस्था म्हणजे स्थापत्यच होय. तिला शिखर नाही एवढेच.

या बांधकामामागील हक्काची व्यवस्थाही तितकीच विचारपूर्वक केलेली होती. चांदा जिल्ह्याच्या जमाबंदीचा अहवाल १८६९ साली लिहिणारे मेजर लूसी स्मिथ यांनी गोंड राजांविषयीची परंपरा नोंदविली आहे. हीरशहा या राजाने असे जाहीर केले की, जो जंगल तोडून जमीन वहितीस आणील त्यास ती जमीन मिळेल, आणि जो तलाव बांधील त्यास त्या तलावाच्या पाण्याखाली भिजणारी जमीन मिळेल. तलावाच्या मोबदल्यात मिळालेली अशी जमीन म्हणजे तुकूम. आज चंद्रपूर शहरात तुकूम नावाचा मोठा भाग आहे, व दोन्ही जिल्ह्यांत हे पद नावात असलेली अनेक गावे आहेत. त्या नावाच्या मुळाशी पाणी अडविण्याचा एक जुना करार आहे, हे तेथील रहिवाशांच्याही सहसा ध्यानात येत नाही.

या करारातील मर्म असे की, बक्षिसाचे माप तलावाच्या कामगिरीनेच ठरत होते. पाळ नीट बांधली नाही, तुडूम चुकीच्या उंचीवर बसविले, तर भिजणारी जमीन कमी आणि तितकेच बांधणाऱ्याचे उत्पन्न कमी. दुरुस्ती टाळली तर नुकसान प्रथम त्याचेच. तलाव बांधण्यात कोहळी समाज विशेष वाकबगार होता. रसेल आणि हिरालाल यांच्या १९१६ साली निघालेल्या मध्यप्रांतातील जातिजमातींवरील ग्रंथात या समाजाच्या तलावबांधणीची व उसाच्या शेतीची आवर्जून नोंद केलेली आहे. नवेगावच्या मोठ्या बांधाचा कर्ता म्हणून परंपरेने ज्याचे नाव घेतले जाते, तो कोलू पाटील पुढे कोलासूर या नावाने देवत्व पावला. मंदिर बांधणाऱ्याची आठवण शिलालेखात राहते. पाळ बांधणाऱ्यास गावाने पाळीवरच देव करून बसविले.

ब्रिटिश अमदानीत मालगुजारी पद्धत आली तेव्हा तलावांची मालकी मालगुजाराकडे गेली, आणि गावाचे वहिवाटीचे हक्क 'वाजिब-उल-अर्ज' या कागदात लिहिले गेले. पाणी कोणास, कोणत्या क्रमाने. मासे कोणी धरावे. पाळीच्या दुरुस्तीस कोणी किती दिवस यावे. यांसारख्या रिवाजांना त्यामुळे लेखी आधार मिळाला. मालगुजारी ही शोषणाची व्यवस्था होती यात शंका नाही, आणि वेठीच्या श्रमाचे ओझे गरिबांवरच पडत असे. तथापि, पाळ फुटली तर कोणाच्या दारी जावयाचे हे त्या व्यवस्थेत गावातील प्रत्येकास ठाऊक होते.

मध्यप्रदेश शासनाच्या १९५० च्या कायद्याने मालकी हक्क नष्ट झाले. ३१ मार्च १९५१ पासून तो अंमलात आला आणि तलाव शासनाकडे आले. तेव्हापासून त्यांना 'माजी मालगुजारी तलाव' असे नाव पडले, व बोलण्यात त्याचे 'मामा तलाव' झाले. जमीन कसणाऱ्याची व्हावी हा त्या कायद्याचा हेतू न्याय्य होता आणि तो बव्हंशी साधला. परंतु तलावाच्या बाबतीत मालक जाताना मालकाचे कर्तव्यही गेले, आणि ते गावाच्या हाती देण्याऐवजी दूरच्या कचेरीच्या हाती दिले गेले. पुढे राज्यपुनर्रचना झाली, १९६२ पासून जिल्हा परिषदा आल्या, तलावांची वाटणी निरनिराळ्या खात्यांत झाली. पाणी गावाचे, मासे लिलावाचे, पाळ खात्याची, आणि पाणलोटातील झाडे वनखात्याची अशी स्थिती उत्पन्न झाली. गाळ साठत गेला, तुडुमे निकामी झाली, पोटातील जमिनीवर अतिक्रमणे झाली. अनेक शतकांच्या अवर्षणांतून आणि राज्यक्रांत्यांतून तगलेली ही बांधकामे शांततेच्या काळात खचली.

कायद्याच्या शब्दांतही ही फट दिसते. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ याने निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज हे दोन्ही दप्तर कायम ठेवले. त्यातील कलम १६५ अन्वये पाण्याचे व मासेमारीचे रिवाज नोंदवावयाचे आहेत. परंतु ते शासनाच्या किंवा स्थानिक संस्थेच्या मालकीच्या अथवा ताब्यातील नसलेल्या जमिनीपुरते व पाण्यापुरते. तलाव तर १९५१ सालीच शासनाच्या मालकीचे झालेले होते. अर्थात् ज्या वास्तूंच्या रिवाजांची नोंद सर्वांत अगत्याची, नेमक्या त्याच या कलमाच्या कक्षेबाहेर पडल्या.

या विस्मृतीचा परिणाम व्यवहारातही भोगावा लागतो. तलावांतील गाळ काढून तो शेतांत टाकण्याची योजना २०१७ पासून राज्यात चालू झाली, व ती मुळात हितकर आहे. जुन्या व्यवस्थेतही गाळ शेतात जातच असे. परंतु तुडुमाच्या तळापेक्षा खोल खणले तर त्या खड्ड्यातील पाणी आपल्या उताराने बांधीत कधीच उतरणार नाही. तलावास केवळ खड्डा समजणाऱ्यास ही गोष्ट सुचत नाही. वास्तू समजणाऱ्यास ती प्रथम सुचते. येथे इतिहासाचे ज्ञान शेतीच्या कामास प्रत्यक्ष उपयोगी पडणारे आहे.

चौथे उदाहरण गोटुलाचे. गोंड व माडिया गावांतील हे सामुदायिक घर म्हणजे तरुणांचे शिक्षणस्थान, सभागृह आणि उत्सवाची जागा. व्हेरिअर एल्विन यांनी बस्तरमधील मुरियांच्या गोटुलावर १९४७ साली मोठा ग्रंथ लिहिला, आणि त्यानंतर या संस्थेची चर्चा बहुधा तिच्यातील सामाजिक आचारांपुरतीच होत राहिली. इमारत म्हणून तिच्याकडे कोणी पाहिले नाही. लाकडाचे खांब, कुडाच्या भिंती, गवताचे किंवा कौलांचे छप्पर : यातील कोणतीही वस्तू शतकभर टिकणारी नाही. ठराविक काळाने ते घर नव्याने उभारावे लागते, आणि उभारणीसाठी गावाला जंगलातून लाकूड आणण्याचा हक्क असावा लागतो.

धानोरा तालुक्यातील मेंढा गावी १९८० नंतरच्या दशकात हा प्रश्न प्रत्यक्ष उभा राहिला. गावकऱ्यांनी परंपरेप्रमाणे सागाचे लाकूड आणून गोटूल बांधले. वनकायद्याच्या दृष्टीने ते विनापरवाना लाकूड ठरले आणि वनखात्याने ते बांधकाम मोडले. त्यानंतर आसपासच्या गावांनी एकत्र येऊन गोटूल पुन्हा उभारण्याचा निर्धार केला व तो पार पाडला. पुढे २००६ च्या वनहक्क कायद्याने निस्तार आणि पाणवठ्यांवरील मासेमारी यांसह सामूहिक हक्क मान्य केले, आणि २००९ साली मेंढ्यास सुमारे १,८०० हेक्टर वनावरील सामूहिक हक्काचा दाखला मिळाला. असा दाखला मिळालेल्या देशातील पहिल्या गावांत त्याची गणना होते. या गावाच्या हक्काच्या चळवळीत एका लाकडी घराचा वाद हा महत्त्वाचा टप्पा होता, हे वास्तूच्या अभ्यासकाने विसरू नये.

गोटूल वारंवार नवे होते, मग त्यास प्राचीन कसे म्हणावे, अशी शंका घेतली जाईल. जपानमधील इसे येथील देवस्थान दर वीस वर्षांनी संपूर्ण नवे बांधले जाते. २०१३ साली ते असेच बांधले गेले. त्यातील लाकूड नवे असले तरी आराखडा, जागा आणि कारागिरीची शिस्त हजारांहून अधिक वर्षांची आहे. वास्तूची सत्यता केवळ द्रव्यात शोधू नये, हे १९९४ साली जपानमधील नारा येथे भरलेल्या परिषदेत जगातील तज्ज्ञांनीही मान्य केले. मेंढ्याच्या गावकऱ्यांनी ते त्यापूर्वीच कृतीने सांगितले होते.

या चार उदाहरणांवरून निघणारा निष्कर्ष व्यवहारात आणणे अवघड नाही. १९५८ च्या प्राचीन स्मारकविषयक कायद्यात स्मारकाची व्याख्या करताना शंभर वर्षांहून कमी नसलेली, ऐतिहासिक महत्त्वाची कोणतीही 'रचना' तीत धरलेली आहे. जुन्या तलावाची पाळ व तुडूम त्या शब्दांत बसू शकतात. परंतु सहा हजार तलावांस संरक्षित स्मारक करून कुंपण घालणे हा उपाय नव्हे, कारण कुंपण घातलेला तलाव हा तलावच राहत नाही. हवी आहे ती गावनिहाय नोंद. तीत वास्तूचे माप आणि काळ यांबरोबरच तिच्यावरील हक्क कोणाचा, दुरुस्तीचे कर्तव्य कोणाचे, आणि ते नाते केव्हा व कशाने तुटले, हे तीन रकाने असावेत. त्यासाठी साधनेही हाताशी आहेत : जमाबंदीच्या वेळचे नकाशे, वाजिब-उल-अर्जाचे जुने कागद, मौजांची नावे, आणि पाळीवरून चालताना सलंग कोठे होती हे बोटाने दाखवू शकणारी वयोवृद्ध माणसे. यांपैकी पहिली तीन साधने दप्तरांत आणखी काही काळ थांबतील. चौथे थांबणार नाही, म्हणून नोंदीचा आरंभ तेथून व्हावयास हवा.